निळ्या भावंडांच्या शोधात

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे सहा महिन्यांसाठी निघालेल्या ज्येष्ठांच्या सामानात औषधे, विम्याची कागदपत्रे आणि भाजणीचे पीठ न चुकता असते. पहिले पंधरा दिवस नवलाईत जातात. पुढे मात्र घरातील मंडळी कामावर आणि शाळेत गेली की दिवस खायला उठतो. अशा मुक्कामाहून वाढलेली रक्तशर्करा, आखडलेले गुडघे आणि उतरलेले मन घेऊन परतणारे रुग्ण मी नेहमी पाहतो. आपण अशा प्रवासास निघणार असाल, तर एक छंद आवर्जून सुचवावासा वाटतो. तेथे ‘जे’ नावाचे निळे पक्षी आहेत. प्रदेशाप्रदेशांत विखुरलेली त्यांची भावंडे शोधावीत आणि त्यांची छायाचित्रे काढावीत.

ओळख पटवून घेऊ

‘जे’ हा कावळ्याच्या कुळातील पक्षी. आपल्याकडील टकाचोर त्याचा नातलग. आपल्या नीळकंठालाही इंग्रज ‘ब्लू जे’ म्हणत; परंतु तो या कुळातील नव्हे.

मुलगा न्यू जर्सीत असेल, तर घरामागच्या झाडावर खरा ब्लू जे भेटेल. त्याच्या डोक्यावर तुरा आणि गळ्याशी काळी कंठी असते. लेक कॅलिफोर्नियात असेल, तर डोंगरातील सूचिपर्णी रानात त्याचा सख्खा भाऊ, स्टेलर्स जे, दिसेल. तुरा तसाच, पण डोके काळे. त्याच राज्यात बागांतून आणि ओकच्या झाडांतून वावरणाऱ्या स्क्रब जे पक्ष्याला मात्र तुरा नसतो.

या स्क्रब जे पक्ष्यांची कथा मनोरंजक आहे. पूर्वी त्या साऱ्यांना एकच जाती मानत. 1995 आणि 2016 मधील फेरविचारानंतर त्यांच्या चार जाती ठरल्या. कॅलिफोर्नियाच्या बाजूच्या पक्ष्याचा निळा पट्टा छातीवर ठळक दिसतो. युटा, कॉलोराडो अशा अंतर्भागातील वुडहाऊस जातीचा पक्षी फिकट आणि त्याचा पट्टा पुसट असतो. फ्लोरिडातील पक्ष्याचे कपाळ पांढुरके असते. चौथी जाती केवळ कॅलिफोर्नियाजवळील सांता क्रूझ बेटावर आढळते. ती आकाराने मोठी आणि रंगाने गडद असते. आपण एका प्रदेशात छायाचित्र काढावे, दुसऱ्या प्रदेशातील नातलगांना तेथील पक्ष्याचे पाठवण्यास सांगावे, आणि जेवणाच्या टेबलावर दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधावेत. त्यासाठी महागडा कॅमेरा नको; घरातील साधा कॅमेराही चालेल.

डोळ्यांची परीक्षा

या पिसांत निळे रंगद्रव्य नसते. पिसांच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो आणि आपल्याला निळाई दिसते. म्हणून सूर्य पाठीशी ठेवून छायाचित्र घ्यावे. प्रकाश समोरून आला तर तोच पक्षी काळपट दिसतो.

येथे डॉक्टर म्हणून एक सूचना. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग पिवळसर होते आणि निळा रंग अडवला जातो. नातवंडांना लखलखीत निळे दिसणारे छायाचित्र आपल्याला मळकट वाटत असेल, तर दोष कॅमेऱ्याला देऊ नये. नेत्रतपासणी करून घ्यावी, आणि शक्यतो प्रवासापूर्वीच.

स्मरणशक्तीचे काय?

स्क्रब जे अन्न लपवून ठेवतो. 1998 मध्ये निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी दाखवून दिले की, काय लपवले, कोठे आणि केव्हा, हे तिन्ही तो लक्षात ठेवतो. नाशवंत अळ्या शिळ्या होण्याइतका काळ लोटला, तर तो त्या सोडून शेंगदाण्यांकडे वळतो.

माणसांबाबतही एक प्रयोग उल्लेखनीय आहे. अमेरिकेतील डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी 60 ते 90 वयाच्या व्यक्तींना तीन महिने डिजिटल छायाचित्रण किंवा गोधडीकाम शिकवले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, असे नवे आणि कष्टाचे कौशल्य शिकणाऱ्यांची घटनास्मृती सुधारली. केवळ गप्पा आणि सहलींत रमलेल्यांना तेवढा लाभ झाला नाही. यामुळे स्मृतिभ्रंश बरा होतो असे मात्र समजू नये. मेंदूला खरे काम हवे असते, एवढाच याचा अर्थ.

पाय जमिनीवर

या छंदातील खरा धोका पडण्याचा आहे. पुढील पथ्ये पाळावीत.

• चालताना कॅमेऱ्यात पाहू नये. आधी थांबावे, पाय स्थिर करावेत, मग पाहावे.
• मान वर करून फार वेळ राहू नये. चक्कर येऊ शकते. बाकावर टेकून बसणे उत्तम.
• रक्तदाबाची औषधे चालू असल्यास बाकावरून सावकाश उठावे.
• दुहेरी भिंगाच्या चष्म्याने पायऱ्यांचा अंदाज चुकतो. उतरताना कठडा धरावा.
• मधुमेहींनी गोड गोळ्या आणि पाणी जवळ ठेवावे.
• पूर्वेकडील राज्यांत गवतातील गोचिडींमुळे लाइम रोग होतो. पूर्ण विजार आणि मोजे घालावेत. परतल्यावर अंग तपासावे.
• रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डोक्याला लागल्यास, जखम दिसत नसली तरी, तत्काळ रुग्णालय गाठावे.

काळजी घेणाऱ्यांसाठी

फ्लोरिडातील स्क्रब जे कुटुंबाने राहतो. मोठी झालेली पिले बराच काळ आईवडिलांजवळ राहून धाकट्यांना वाढवण्यास मदत करतात. इतर चरत असताना एक जण उंचावर बसून पहारा देतो, आणि ही पाळी बदलत राहते. हा पक्षी आता संकटग्रस्त असल्याने त्याला खाऊ घालण्यास कायद्याने मनाई आहे. छायाचित्र दुरूनच घ्यावे.

पाळीचा हा नियम घरातही लागू करावा. आजोबांसोबत एक दिवस मुलाने जावे, एक दिवस सुनेने, एक दिवस नातीने. एकाच माणसावर भार पडला तर तो माणूसही थकतो आणि छंदही. आजी-आजोबांचा विसरभोळेपणा वाढत असेल, तर छायाचित्र दाखवून ‘हा कोठे पाहिला, आठवते का?’ असे विचारू नये. ‘या दोघांत वेगळे काय दिसते?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने त्यांची परीक्षा होते. दुसऱ्याचे उत्तर मात्र समोरच असते, आणि ते देताना त्यांचा मान राहतो.

परदेशी जाणे नसेल, तरी हरकत नाही. नैनितालच्या सहलीत हिमालयातील दोन ‘जे’ भेटू शकतात. आणि टकाचोर तर आपल्या घराजवळच्या मोठ्या झाडावरही येतो. उद्या सकाळी औषध घेतल्यावर तेथूनच आरंभ करावा.