शेळी, शिबिर आणि पोरांचा उन्हाळा

एप्रिल महिना जयंतीत जातो आणि मे महिना पोरांत. वर्गणी, मिरवणूक, व्याख्यानमाला यांतून माणूस मोकळा होतो न होतो तोच शाळांना सुट्या लागतात आणि घराघरांत प्रश्न उभा राहतो, दीड महिना या पोरांचे करायचे काय? शहरातल्या भिंती जाहिरातींनी भरून जातात. पोहण्याचे शिबिर, क्रिकेटचे शिबिर, व्यक्तिमत्त्व विकास शिबिर. दहा दिवसांत व्यक्तिमत्त्व घडवून देणाऱ्यांची फी ऐकली की आमच्यासारख्या विनाअनुदानित शाळेवरच्या मास्तराचे व्यक्तिमत्त्व जागच्या जागी आकसते!

यंदा आमच्या घरी थोरली बारावी पास झाली आणि धाकटा सहावीतून सातवीत गेला. थोरलीसाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पडताळणीचे कागद घेऊन तहसीलच्या पायऱ्या झिजवायच्या. धाकट्याला आधी पंधरा दिवस गावी मायकडे सोडायचे आणि नंतर तालुक्याच्या विहारात दहा दिवसांच्या धम्म संस्कार शिबिराला न्यायचे. वैशाखाच्या उन्हात एस.टी.ने धाराशिव ते गाव आणि गाव ते तालुका अशा माझ्या किती खेपा झाल्या, याचा हिशेब नाही. पण या धावपळीत पोराने मला असा एक प्रश्न विचारला की तो समाजबांधवांपुढे ठेवल्यावाचून राहवत नाही.

गाव तेरणेच्या काठावर. मायकडे शेती नाही. पाच शेळ्या आणि एक बोकड ही तिची इस्टेट. शेळ्या अस्सल उस्मानाबादी. २०२३ साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, पण शेळीचे नाव अजून उस्मानाबादीच आहे. काळीभोर, उंच, काटक. बाभळीच्या शेंगांवर आणि बांधावरच्या पाल्यावर निभावून नेते आणि बहुतेक वेळा जुळी करडे देते. पाच महिन्यांचा गाभणकाळ आणि चौदा-पंधरा महिन्यांत दोन वेते. ज्याच्या सातबाऱ्यावर काही नाही, त्याची ही बँक. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यात चारा छावण्या निघाल्या, पण छावणी मुख्यत: गाई-बैल-म्हशींची. म्हणजे ज्याच्याकडे जमीन, त्याच्याकडे बैल आणि ज्याच्याकडे बैल, त्यालाच छावणी. भूमिहीनाच्या शेळीने जायचे कुठे, याचा विचार कोणी करायचा? माय त्या वर्षी डोक्यावरून पाला आणून शेळ्या जगवत होती.

तर या पंधरा दिवसांत धाकट्याचे आणि बोकडाचे मेतकूट जमले. बोकडाचे नाव त्याने राजा ठेवले. सकाळी उन्हाच्या आत शेळ्या चारायला न्यायच्या, दुपारी लिंबाखाली बांधायच्या, करडांना पाजायचे. पावसाळ्याआधीची आंत्रविषाराची लस टोचायला मायने शेळ्या दवाखान्यात नेल्या, तेव्हा राजाची शिंगे धरून हाच उभा होता. शहरात सकाळी नऊशिवाय न उठणारे पोर पाचला उठू लागले. व्यक्तिमत्त्व विकास याहून वेगळा असतो का?

नंतर शिबिर झाले. पोरे त्रिशरण-पंचशील अर्थासह शिकली, कवायत शिकली. एक दिवस त्यांना कसबे तडवळ्याला नेले. फेब्रुवारी १९४१ मध्ये तिथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी खुद्द बाबासाहेब आले होते. आपल्याच जिल्ह्याच्या मातीला त्यांचे पाय लागले आहेत हे कळल्यावर पोरांचे डोळे चमकले. समारोपाला एका वक्त्यांनी नेहमीचा दाखला दिला. बळी शेळ्या-बकऱ्यांचा जातो, सिंहाचा नाही. तेव्हा शेळी होऊ नका, सिंह व्हा! टाळ्या पडल्या. परतीच्या एस.टी.त पोरगा म्हणाला, "पप्पा, शेळीचा यात काय गुन्हा? आपली शेळी भित्री नाही, कुत्रं आलं की शिंगं रोखून उभी राहते." मी हसलो. पण त्याचे पुढचे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. "पहिलं शील प्राणिहत्या न करण्याचं आहे ना? मग आज्जी राजाला बाजारात कशाला नेणार?"

त्याला कुठून तरी कळले होते. थोरलीच्या वसतिगृहाची अनामत आणि पुस्तके यांसाठी पैसे हवे होते. शिष्यवृत्ती येईल तेव्हा येईल, अनामत आधी भरायची. माझ्या पगाराचा भरवसा नव्हता. बोकड विकायचे ठरले होते. शिवाय कळपातला बोकड दोन वर्षांत बदलावाच लागतो, नाहीतर त्याच्याच पाटींपासून कमजोर करडे निपजतात. हे सगळे मला ठाऊक होते. पण पोराला सांगायची हिंमत झाली नव्हती.

घरी गेल्यावर मी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' काढला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात त्यांनी अहिंसेची फोड केली आहे. बुद्धाची अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. जीव घेण्याची इच्छा वेगळी आणि जीव घेण्याची गरज वेगळी. माणसाने आपली बुद्धी वापरून हा भेद करायचा. मी हे समजावून सांगितले आणि मनात म्हटले, सुटलो. पोराने क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग ताईची फी ही गरज आहे का इच्छा?"

घरात कोणी बोलेना. थोरलीने तोंड फिरवले. थोड्या वेळाने म्हणाली, "मी पुढच्या वर्षी घेते प्रवेश." आपल्या किती लेकींचे शिक्षण या एका वाक्यावर संपले असेल!

तोड काढली ती मायने. कधी शाळेची पायरी न चढलेल्या बाईने नातवाला जवळ घेतले. "आरं, तुझ्या पणज्याला गावाचं मेलेलं ढोर वढावं लागायचं. जितं जनावर आपल्या दावणीला बांधायला किती पिढ्या गेल्या, ठावं हाय का? राजाला म्या बी जीव लावलाय. पर तुझी ताई शिकली पायजे. तुझा बाप बी ह्याच शेळ्यांवर शिकला."

१९२७ च्या महाड परिषदेपासून बाबासाहेब सांगत होते, मेलेले जनावर ओढू नका, मृतमांस खाऊ नका. ते ऐकण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी बहिष्कार सोसला, उपासमार सोसली. त्यांच्या वाट्याला जनावर आले ते मेल्यावर. आज त्यांचा पणतू जिवंत जनावराच्या गळ्यात हात टाकून रडतो, हे मला दुबळेपण वाटत नाही. ही त्या लढ्याची कमाई आहे.

त्या रात्री मी त्याला आणखी एका सुटीची हकिगत सांगितली. सन १९०१. साताऱ्याहून नऊ वर्षांचा भीमराव, भाऊ आणि भाचे उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांकडे, रामजीबाबांकडे, गोरेगावला निघाले. नवे कपडे, जरीच्या टोप्या, मनात आनंद. मसूर स्टेशनवर न्यायला कोणी आले नाही. जात कळली आणि एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी पोरांनीच हाकायची आणि तो पायी चालणार. रात्रभर जवळ भाकरी असून पाण्यावाचून उपाशी! बाबासाहेबांनी ही हकिगत स्वत: लिहून ठेवली आहे. पोरगा ऐकत राहिला आणि म्हणाला, "बैलांना त्यांची जात कळली नसेल ना?" मी म्हटले, "नाही रे. जनावराला ती कळत नाही."

बाजाराच्या दिवशी तो हट्टाने सोबत आला. मीही नाही म्हटले नाही. व्यापाऱ्याने चौदा हजार सांगितले. शेजारच्या तालुक्यातला एक शेळीपालक पैदाशीसाठी बोकड शोधत होता, तो बारावर अडला. मायने नातवाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि दावे शेळीपालकाच्या हातात दिले. कमी पडलेले दोन हजार मी एका सहकाऱ्याकडून उसने घेतले. पण पोराला मी हेही सांगितले की यंदा पैदाशीचे गिऱ्हाईक भेटले, पुढल्या वर्षी भेटेलच असे नाही, आणि तेव्हाही ताईची फी असेल. तो मान हलवून गप्प राहिला. त्या रविवारी त्याने ताटातले मटण बाजूला सारले. माय एवढेच म्हणाली, "नको खाऊ. पर उपाशी झोपू नगस." मला वाटते, पोरगा त्या दिवशी मोठा झाला.

आता कार्यकर्त्यांसाठी दोन शब्द. आपल्या शिबिरांत पाठांतर होते, कवायत होते, भाषणे होतात. प्रश्नांसाठी तास असतो का? पोराने शील पाठ केले याचा आपल्याला आनंद होतो, पण ते शील घेऊन त्याने आपल्यालाच अडवले तर आपण रागावतो. कोणाचेही वचन स्वत: पारखल्याशिवाय स्वीकारू नका, ही बुद्धाची शिकवण फक्त दुसऱ्यांच्या धर्माला लावायची काय?

दुसरी गोष्ट. शिबिराला येतात ती नोकरदारांची पोरे. शेळ्यांमागे जाणारी पोरे कुठे आहेत? आपल्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास गेलेले पोर मार्च-एप्रिलमध्ये परत येते, तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते. त्याला उन्हाळी सुटी कसली? तालुक्याच्या विहारात दहा दिवस मुक्कामी शिबिर घेता, तसे गावातल्या विहारात संध्याकाळी, शेळ्या परतल्यावर, दोन तास बसा. फी नको. धम्मासोबत वाचन घ्या, पाढे घ्या, बुडालेला अभ्यास घ्या. आपल्यातले शिकलेले तरुण सुटीत गावी येतातच. त्यांनी एवढे केले तरी खूप झाले.

शाळा उघडायला चार दिवस राहिले आहेत. थोरलीची अनामत भरली. गावाहून मायचा फोन आला, काळी व्याली, दोन पाटी झाल्या. त्या राजाच्याच. धाकट्याने नावे अजून ठेवलेली नाहीत. म्हणतो, "आधी आज्जीला विचारतो, यातली कोणती ठेवायची आणि कोणती विकायची."