जुनी पुस्तकं, मोकळे तास

लेखमाला : कॉलेजचं पहिलं वर्ष • लेखांक ६

मागच्या आठवड्यात एसटीचा पास आणि शिष्यवृत्तीचे अर्ज हा गुंता आपण सोडवला. लेख छापून आल्यावर दोन दिवसांनी बाळापूरच्या बसथांब्यावर बीएस्सी पहिल्या वर्षाच्या एका पोरीनं मला गाठलं. "काका, पास तर निघाला. आता काम पाहू का जुनी पुस्तकं पाहू?" तेवढ्यात अकोल्याची गाडी लागली, ती गर्दीत घुसली आणि उत्तर माझ्याजवळच राहिलं. ते आज देतो.

तिनं दोन प्रश्न विचारले असं तिला वाटलं. माझ्या मते तो एकच प्रश्न आहे. जुनी वस्तू घेऊन जे पैसे वाचतात, ते कमवावे लागत नाहीत, आणि ते कमवायला गेले असते ते तास अभ्यासाला उरतात. विद्यार्थ्याजवळ पैसा नाही हे घरादाराला ठाऊक असतं. त्याच्याजवळ वेळही नाही, हे मात्र परीक्षेचं वेळापत्रक लागेपर्यंत त्याच्याही लक्षात येत नाही.

आधी तास मोजा

एक हिशेब मांडू. आकडे समजुतीपुरते आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा, संध्याकाळी तीन तास एका दुकानात उभं राहायचं, महिन्याचे सव्वीस दिवस, आणि पगार दोन हजार चारशे. अठ्ठ्याहत्तर तास झाले, म्हणजे तासाला साधारण एकतीस रुपये. दुसरीकडे समजा, सहावी-सातवीची पाच पोरं घरी शिकवायला घेतली. दीड तास, महिन्याचे चोवीस दिवस, प्रत्येकी चारशे. छत्तीस तासांचे दोन हजार, म्हणजे तासाला साधारण छप्पन्न रुपये. महिनाअखेर हातात पडणारी रक्कम दुकानाची मोठी, पण तासाचा भाव शिकवणीचा जास्त.

आता पुस्तकांकडे या. नवा संच तीन हजारांचा आणि जुना हजाराचा असेल, तर दोन हजार वाचले. ते दोन हजार म्हणजे त्या दुकानातल्या बावीस संध्याकाळी. इथून पुढं कुठलीही वस्तू घेताना किंमत रुपयांत विचारा आणि मनात संध्याकाळींत मोजा. नव्या बुटांच्या जोडीला किती संध्याकाळी, नव्या मोबाईलला किती. एकदा ही सवय लागली की निम्म्या वस्तू आपोआप नकोशा होतात.

बाळापूरच्या पोरांच्या हिशेबात आणखी एक रकाना हवा, तो प्रवासाचा. अकोला पंचवीस-सव्वीस किलोमीटर. थांब्यावरची वाट धरली तर जाण्या-येण्यात रोजचे दोन तास सहज जातात. विद्यार्थी पासात भाड्याचा एक तृतीयांश भरावा लागतो, पण बसमधल्या वेळेला सवलत नाही. म्हणून अकोल्यात रात्री आठपर्यंतचं काम घेण्याआधी परतीच्या गाड्यांचं वेळापत्रक पाहा. काम शक्यतो पासाच्याच मार्गावर असावं किंवा घरापासून पायी जाता येईल असं असावं. उलट्या दिशेला खामगावला किंवा शेगावला काम मिळत असेल, तर तिथलं भाडं पगारातून वजा करून मग होकार द्या.

पाटी नसते, हंगाम असतो

पुण्यात दुकानाच्या काचेवर 'मुलं पाहिजेत' अशी चिठ्ठी दिसते. बाळापुरात काम बहुधा ओळखीनं लागतं, आणि ओळखीइतकाच हंगाम महत्त्वाचा. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेलं हे गाव तालुक्याचं ठिकाण आहे. आजूबाजूच्या खेड्यांची खरेदी, कागदपत्रं आणि कोर्टकचेरी इथं होते. त्यामुळं शेतकऱ्याचं वर्ष जसं फिरतं तसं इथलं किरकोळ कामही फिरतं.

मृग लागला की कृषी सेवा केंद्रात बियाण्या-खतासाठी रांग लागते. खताची विक्री आधार पडताळून यंत्रावर नोंदवावी लागते, बिलं फाडावी लागतात, साठ्याचं रजिस्टर लिहावं लागतं. भराभर आणि बिनचूक लिहिणारं पोरगं त्या महिन्या-दीड महिन्यात मालकाला सोन्यासारखं वाटतं. त्याच सुमारास ई-सेवा केंद्रांवर उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, प्रवेशाचे अर्ज आणि पीक विमा यांची झुंबड उडते. मराठी टंकलेखन येत असेल तर तिथं विचारा. राज्यात ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर होते, आणि नोंदी राहिलेल्या शेतकऱ्यांसाठी गावपातळीवर सहायकांची मदत घेतली जाते. त्याची चौकशी तलाठी कार्यालयात करायची. ही नोंद शेताच्या बांधावर जाऊनच होते, तेव्हा चिखलाची तयारी ठेवा.

दिवाळीआधी आणि रमजानच्या शेवटच्या पंधरवड्यात कापड, चप्पल आणि कटलरीच्या दुकानांना जादा हात लागतात. तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई. केटरिंगमध्ये वाढपी, मंडपवाल्याकडे मदतनीस, फोटोवाल्याकडे लाइट धरणारा. पैसे रोजच्या रोज मिळतात, पण जागरण होतं, आणि सकाळच्या प्रात्यक्षिकाला डोळे मिटतात. घरच्या किंवा दुसऱ्याच्या शेतात सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी आहेच. वेचणीला किलोमागे मजुरी मिळते, तेव्हा किती मिळतील हे तुमच्या बोटांवर.

दुकानदाराची बाजूही ऐकून ठेवा. एका जनरल स्टोअरवाल्यानं मला सरळ सांगितलं, "पोट्टे येतात, दिवाळी झाली का पयतात. मले वर्षभराचा माणूस पाह्यजे." त्याचं खोटं नाही. म्हणून काम मागतानाच तारखा सांगा : अमुक दिवसापासून येईन, परीक्षेचा अमुक महिना येणार नाही. आधी सांगितलेली सुट्टी मालक सहन करतो, न सांगता मारलेली दांडी तो गावभर सांगतो. ओळखीनं लागलेलं काम सुटलं तर ओळखही सुटते.

या सगळ्यांत माझं मत शिकवणीला. शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या परीक्षांसाठी गणित नि बुद्धिमत्तेची तयारी करून घेणारं कुणी तरी पालकांना जवळपास हवंच असतं. शिकवता शिकवता तुमचाही पाया पक्का होतो, आणि वेळ तुमच्या हातात राहते. फक्त फी महिन्याच्या सुरुवातीला घ्यायची असं पहिल्याच दिवशी ठरवा. नंतर आठवण करून द्यायला जीभ रेटत नाही.

कॉलेजच्या आतलं काम

बाहेर फिरण्याआधी आपल्याच कॉलेजच्या कार्यालयात 'कमवा आणि शिका' योजना चालू आहे का ते विचारा. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, प्रयोगशाळेतली मदत, कार्यालयातल्या नोंदी, बागेचं काम. त्याचे तासाप्रमाणे पैसे मिळतात. ते फार नसतात, पण बसभाडं लागत नाही आणि परीक्षेच्या काळात कुणी अडवून धरत नाही. जागा थोड्या असतात, म्हणून अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच द्यावा.

या योजनेमागे मोठी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये सातारला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं, तेव्हा श्रम करून शिकणं हा त्या कॉलेजचा कणाच होता. इकडे वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली ती शेतकऱ्याच्या पोरासाठी. त्यांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आजही आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या घरातल्या, बाहेरगावी राहून शिकणाऱ्या मुलांनी तिचा अर्ज चुकवू नये. पार्टटाइम काम शोधण्याआधी हक्काचे पैसे पदरात पाडून घ्या.

आणि लाज? ती अनेकांना वाटते. वर्गातल्या मित्राला आपण वाढपी म्हणून दिसू, पुस्तकावर दुसऱ्याचं नाव दिसेल.  आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते गाडगेबाबा अंगावर चिंध्यांचा वेश घालून हिंडले आणि गावात गेले की आधी खराट्यानं रस्ता झाडत, भाकरीचं नंतर पाहत. पदवीच्या कागदावर ज्यांचं नाव येणार, त्यांना तरी तुमच्या जुन्या पुस्तकाची लाज वाटली नसती.

जुन्याचा भाव कधी पडतो

जुनी वस्तू स्वस्त मिळते ती विकणाऱ्याला घाई असते तेव्हा. ही घाई कधी होते ते ओळखणं हीच जुन्या बाजाराची विद्या.

अकोला हे विदर्भातलं 'नीट'च्या शिकवण्यांचं मोठं केंद्र आहे. परीक्षा मे महिन्याच्या सुरुवातीला होते. ती संपली की बाहेरगावची शेकडो पोरं आठ-पंधरा दिवसांत खोल्या सोडतात. पुस्तकं, टेबल, गादी, लोखंडी पलंग, कुलर, सगळं त्यांना घरी न्यायचं नसतं. उरलेलं रद्दीवाल्याकडे किलोवर जातं. रद्दीवाला येण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही पोचलात तर दोघांचंही भलं. त्यासाठी एप्रिलमध्येच शिकवणीला जाणाऱ्या एखाद्या गाववाल्याला सांगून ठेवा.

दुसरी घाई बदलीची. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या २००५ च्या कायद्याप्रमाणे एप्रिल-मे महिन्यांत होतात. तहसीलच्या गावात शिक्षक, कारकून, अधिकारी यांची घरं याच वेळी हलतात. कपाट, शेगडी, अभ्यासाचं टेबल विचारायला हा काळ बरा. पारसच्या वीज केंद्राच्या वसाहतीतही ओळख असेल तर कानोसा घ्यावा.

कुलरचं गणित वेगळं. वऱ्हाडात कुलर ही चैनीची वस्तू नव्हे. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळं अकोला जिल्ह्यात जमावबंदीचे आदेश निघाले आणि दुपारच्या शिकवण्यांवरही बंधनं आली, हे आपण पाहिलं आहे. मार्चमध्ये जुन्या कुलरलाही नव्याचा तोरा येतो. तोच कुलर ऑगस्टमध्ये अंगणात अडचण होऊन बसतो. तेव्हा घ्या. पत्रा खालून गंजला आहे का, पंप पाणी चढवतो का, मोटर घरघरते का, हे तिन्ही पाहा. ताट्या नव्याच टाकायच्या. आणि अर्थिंग तपासल्याशिवाय प्लग लावू नका. पाणी आणि पत्रा एकत्र असलेल्या या यंत्राचा शॉक जीव घेतो. पाणी भरताना आधी प्लग काढायचा, ही सवय वस्तूसोबतच विकत घ्या.

कुलर अकोल्याहून आणायचा कसा? बाजारात माल टाकून बाळापूरकडे रिकाम्या परतणाऱ्या छोट्या गाडीवाल्याशी बोला. एरवी पूर्ण भाडं मागणारा तो परतीच्या वाटेवर थोडक्यात तयार होतो.

घेताना

पुस्तकांत आधी अभ्यासक्रम पाहा. संलग्न कॉलेजांत २०२४–२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला, त्यामुळं त्याआधीची पदवीची पुस्तकं विषय जुळतो का हे ताडून घ्या. 'नीट'चाही अभ्यासक्रम २०२४ च्या परीक्षेपासून कमी झाला. जुन्या पुस्तकात जास्तीचे धडे असतील तर बिघडत नाही, कमी असतील तर बिघडतं. मूळ संकल्पनांचं पुस्तक, शब्दकोश आणि गणिताचा सराव मात्र सहसा शिळा होत नाही.

मोबाईल घेताना *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक काढा आणि केंद्र सरकारच्या 'संचार साथी'वर तपासा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथं कळतं. बिल आणि डबा मागा. बिल हरवलं असेल तर विकणाऱ्याकडून नाव, तारीख आणि सही असलेला साधा कागद तरी घ्या.

दुचाकी घेताना नुसत्या चावीवर भुलू नका. नोंदणीपत्र, विमा, पीयूसी पाहा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र हवंच. नमुना २९ आणि ३० भरून गाडी नावावर करून घ्या. "करू नं सावकाश" म्हणणाऱ्या मालकाची गाडी पुढं अपघातात सापडली तर तो सावकाशपणा दोघांनाही महाग पडतो.

इथं हात लावू नका

शेवटचं, पण सगळ्यात जपायचं. जे काम द्यायला आधी पैसे मागतात, ते काम नसतं. 'घरबसल्या डेटा एन्ट्री, नोंदणी फी अमुक' म्हणायचं, मग चुका काढून वकिलाच्या नोटिशीची धमकी द्यायची, हा जुना सापळा. 'व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा' हा नवा : पहिल्या दिवशी शे-दीडशे खरंच देतात आणि चौथ्या दिवशी हजारो भरायला लावतात. याहून वाईट म्हणजे तुमचं बँक खातं 'भाड्यानं' मागणारा माणूस. महिन्याला काही हजार देतो म्हणतो, आणि फसवणुकीचे पैसे त्या खात्यातून फिरतात. पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात. पैसे गेलेच तर लाजून बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

तर त्या पोरीला आता सांगतो. वहीच्या शेवटच्या पानावर बारा महिन्यांचे बारा रकाने आख. प्रत्येकात तीन गोष्टी लिही : परीक्षा कधी, काम कुठं निघतं, आणि कोणती वस्तू कुणाला नकोशी होते. परीक्षेचे रकाने आधी भर. ते कामासाठी खोडायचे नाहीत. पुढच्या वर्षी तुझी पुस्तकं घ्यायला कुणी थांब्यावर आलं, तर भाव सांगताना पान उलटून पाहा, तू ती कितीला घेतली होतीस.

पुढच्या आठवड्यात : अकोल्यात खोली करायची की रोज ये-जा? भाडं, मेस, डबा आणि अनामत रकमेचा कागद.