प्लेगची लस आणि हाफकिन

सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईंतील मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगास यांस गांठीच्या प्लेगचे रोगी आढळले. रोग पसरूं लागतांच लोक घरेंदारें टाकून शहर सोडूं लागले. या संकटाच्या वेळीं सरकारनें कलकत्त्याहून ज्या जंतुशास्त्रज्ञास मुंबईस पाठविलें, त्यांचें नांव वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १८६० सालीं ओडेसा येथें झाला. शरीरांतील पांढऱ्या पेशी रोगजंतूंस गिळून टाकतात, हें दाखविणारे मेच्निकोव्ह हे तेथील विद्यापीठांत त्यांचे गुरु होते. पुढें पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें ग्रंथालयाचें काम संभाळून त्यांनीं पटकीची लस सिद्ध केली आणि १८९२ सालीं ती स्वतःस टोचून घेतली. पुढील वर्षीं ते हिंदुस्थानांत आले.

मुंबईंत त्यांस ग्रँट मेडिकल कॉलेजच्या इमारतींत एका बोळवजा जागेंत काम करावें लागलें. हाताखालीं एक कारकून व तीन शिपाई. तत्त्व साधें होतें. जिवंत जंतु रोग उत्पन्न करतात. तेच मारून शरीरांत घातले, तर शरीर त्यांची ओळख पटवून प्रतिकाराचीं द्रव्यें निर्माण करतें, आणि पुढें खरे जंतु शिरले म्हणजे तीं द्रव्यें त्यांच्यावर तुटून पडतात. हाफकिन प्लेगचे जंतु मांसरसांत वाढवीत. त्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेविले म्हणजे जंतु त्यांच्या आधारानें खालीं लोंबत्या धाग्यांसारखे वाढत. मग उष्णता देऊन ते मारीत. गोमांस वा डुकराचें मांस लोकांच्या धर्मभावनांस दुखवील, म्हणून रसासाठीं बकऱ्याचें मांस घेत. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ही लसहि प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत स्वेच्छेनें पुढें आलेल्या कैद्यांस टोचली.

परंतु टोचलेला माणूस वांचला, एवढ्यावरून लसीचा गुण सिद्ध होत नाहीं. तो न टोचतांहि वांचला असता. यासाठीं १८९८ सालीं बडोदें संस्थानांतील उंढेरा गांवीं प्रत्येक घरांतील सुमारें निम्म्या माणसांस लस टोचण्यांत आली. एकाच छपराखालीं राहणारे, एकच अन्न खाणारे, त्याच उंदरांच्या पिसवा ज्यांस चावणार, अशांचीच ही तुलना होती. ज्या घरांत प्लेग शिरला, तेथें न टोचलेल्या ६४ जणांपैकीं २७ जणांस रोग झाला व २६ मेले. टोचलेल्या ७१ जणांपैकीं ८ जणांस रोग झाला व ३ मेले. लस सर्वांसच वांचवीत नव्हती, हें या आंकड्यांत स्पष्ट दिसतें. पण अनेकांस वांचवीत होती, हेंहि तितकेंच स्पष्ट दिसतें. १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्यें त्यांची प्रयोगशाळा स्थापन झाली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं १०७ जणांस लस टोचली गेली. त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मरण पावले. ते सर्व एकाच बाटलींतील लस घेतलेले होते. चौकशी मंडळानें दोष मुंबईच्या प्रयोगशाळेचा ठरविला, आणि हाफकिन यांचें काम काढून घेण्यांत आलें. वस्तुतः बाटली उघडतांना सहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करतांच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतु बाटलींत मुंबईपासून वाढत असते, तर ती उघडतांच दुर्गंधि आली असती; ती आली नव्हती. इतर बाटल्यांच्या लसीनें कोणासहि अपाय झाला नव्हता. ही तुलना चौकशीनें लक्षांत घेतली असती, तर एका संशोधकाचीं पांच वर्षें वायां गेलीं नसतीं.

१९०७ सालीं रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांतून न्यायाची मागणी केली. त्याच वर्षीं हाफकिन दोषमुक्त झाले व कलकत्त्यास परतले. त्यांचें मुख्य संशोधन मात्र पुन्हां पूर्वीच्या जोमानें झालें नाहीं. १९३० सालीं लोझान येथें त्यांचें निधन झालें. प्लेगवर आतां गुणकारी औषधें निघालीं असल्यानें त्या जुन्या लसीचें महत्त्व उरलें नाहीं. परंतु परळच्या संस्थेस १९२५ सालीं हाफकिन यांचें नांव देण्यांत आलें आणि तें आजहि चालूं आहे.