तोल्त चाल आणि नालबंदाचा विवेक

आइसलँडच्या घोड्याची तोल्त नामक चाल ज्याने एकदा पाहिली, त्याला स्वार हातातील भरलेला पेला न हिंदकळता वेगाने कसा जातो याचे कोडे पडल्यावाचून राहत नाही. तथापि या चालीचे खरे रहस्य खोगिरावर नसून खुरांपाशी आहे, आणि म्हणूनच स्वारापेक्षा नालबंदाविषयी लिहिण्याचा मोह मला आवरत नाही.

पूर्ववृत्त थोडक्यात सांगतो. नवव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वसाहतकारांनी हे घोडे बेटावर आणले. पुढे परदेशी घोड्यांच्या आयातीस बंदी झाली, आणि बेट सोडून गेलेल्या घोड्यास परतण्याची मुभा आजही नाही.

तोल्तमध्ये पावलांचे चार ठोके पृथक् पडतात आणि निदान एक पाऊल सदैव जमिनीवर असते, म्हणून स्वाराला हिसका बसत नाही. ही देणगी उपजत आहे: नेहमीच्या चालींपलीकडील अशा जादा चालींशी निगडित असलेला डीएमआरटी-३ या जनुकातील बदल 2012 मध्ये स्वीडिश संशोधकांनी प्रसिद्ध केला. परंतु कोणी घोडा दुडकीकडे झुकतो, कोणी एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकू लागतो, आणि येथेच उतावळ्या धन्याला पुढच्या खुरांवर वजन चढविण्याची दुर्बुद्धी सुचते. जड नालेने व वाढविलेल्या खुराने पुढचा पाय उंच उचलला जातो, ठोक्यांचा काळ बदलतो, प्रेक्षक टाळ्या वाजवितात. पण लांबलेले टोक जमिनीवरून उशिरा सुटते आणि त्याचा ताण पायाच्या मागील स्नायुबंधावर व खुराच्या आतील सांध्यावर पडतो. ही शोभा नव्हे, कर्जाऊ घेतलेली चाल आहे. आइसलँडिक घोड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्पर्धेत नालेची जाडी 10 मिलिमीटरपर्यंत आणि पायातील संरक्षक बुटांचे वजन 250 ग्रॅमपर्यंत मर्यादित केले, हे मला अत्यंत न्याय्य वाटते.

आइसलँडमधील स्कागाफ्योर्दुर परगण्यात शरद ऋतूत डोंगरावरून हाकून आणलेल्या कळपांतील अनवाणी घोडे मी पाहिले, तेव्हा खडकाळ भूमीवर वाढलेल्या खुराची घट्ट, नैसर्गिक ठेवण पाहून मी थक्क झालो. स्वारीचे घोडेही हंगाम संपताच नाला काढून मोकळे सोडतात. पुढे हिवाळ्यात स्वारी सुरू झाली की बर्फावर घसरू नये म्हणून नालेत टोकदार खिळे बसवितात. नालेविना विश्रांतीच्या त्या मधल्या महिन्यांना मी तेथील शिक्षणपद्धतीचा पाया मानतो.

शिंगरू कळपात वाढते, स्वारीचे शिक्षण साधारण चौथ्या वर्षी आरंभते, आणि पुष्कळदा अनुभवी घोड्याच्या बाजूने दोरीवर चालवून त्याचा तोल व विश्वास घडवितात. तोंडाचीही तीच कथा: जिभेवर कमान असलेल्या तरफेच्या कडियाळ्यामुळे जबड्यावर जखमा होतात असे स्पर्धेतील घोड्यांच्या तपासणीत आढळले, आणि 2014 मध्ये स्पर्धांतून त्यावर बंदी आली. पुरावा दिसताच रूढी मोडणाऱ्या या लोकांविषयी मला नितांत आदर आहे.

आपल्याकडे सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, तोल्तप्रमाणेच स्वाराला हिसका न देणाऱ्या रेवाल चालीचा घोडा पाहावयास जाणाऱ्या वाचकांस माझी विनंती एवढीच, की चालीवर भाळून सौदा करण्यापूर्वी त्याच्या चारही नाला नीट पाहाव्यात आणि शक्य असल्यास त्या काढून त्याला एकदा अनवाणी चालवून घ्यावे.