घरच्या घरीं समुद्रकांच

बुलढाणा जिल्ह्यास समुद्र नाहीं. परंतु पैनगंगेचे गुळगुळीत गोटे ज्यांनीं पाहिले, त्यांस समुद्रकांचेचें मर्म सहज उमगेल. लाटांच्या घर्षणानें फुटक्या बाटलीच्या धारा बोथटतात. मात्र त्यास अनेक वर्षें लागतात. गोटे घासण्याच्या फिरत्या पिंपांत तेंच काम थोड्या दिवसांत होतें. जाड कांचेचे तुकडे अर्ध्याहून कांहीं अधिक भरून, सिलिकॉन कार्बाइडची भरड पूड व तुकडे जेमतेम बुडतील इतकें पाणी घालावें. ही पूड कांचेहून पुष्कळ कठीण असते. पृष्ठभागीं सूक्ष्म खळगे पडून प्रकाश विखुरतो, म्हणून कांच धुरकट दिसते. ओली केली कीं ती झाक बरीच मावळते.

कांच फोडण्याचें काम वडील माणसांनींच, जाड फडक्यांत गुंडाळून व डोळे झांकून करावें. उरलेला गाळ मोरींत ओतूं नये, तेथें तो घट्ट बसतो. वाळूंही देऊं नये, कारण त्याची धूळ फुप्फुसांस अपायकारक होय. ओला असतांनाच डब्यांत बंद करून टाकावा.