हिवाळी सायकल वाहतूक

हिवाळी सायकल वाहतूक : हिमवृष्टी होणाऱ्या शहरांत हिवाळ्यातही शाळा, कामधंदा, बाजार इत्यादींसाठी नित्याचे वाहन म्हणून होणारा सायकलीचा वापर. कडाक्याची थंडी हाच यातील मुख्य अडथळा होय, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि उत्तर फिनलंडमधील औलू या शहराच्या अनुभवावरून थंडीपेक्षा रस्त्याच्या पृष्ठभागाची स्थिती अधिक निर्णायक ठरते, असे दिसून येते.

औलू हे बॉथनियाच्या आखातावरील शहर सु. ६५° उ. अक्षांशावर वसलेले असून त्याची लोकसंख्या दोन लाखांहून अधिक आहे. जानेवारीतील सरासरी तापमान शून्याखाली ९° ते १०° से. असते, तर डिसेंबरच्या उत्तरार्धात दिवस जेमतेम साडेतीन तासांचा असतो. असे असूनही तेथे सायकलींची वर्दळ हिवाळाभर चालू राहते. मेत्सोकांगास या उपनगरातील शाळेत भर हिवाळ्यातही बहुसंख्य मुले सायकलीने येतात.

मार्गरचना : औलूत सायकल मार्गांची आखणी १९७० नंतरच्या दशकात पद्धतशीरपणे सुरू झाली. आज या मार्गांची एकूण लांबी ९०० किमी.हून अधिक आहे. ते मोटाररस्त्यांपासून अलग असून मोठे रस्ते ओलांडण्यासाठी अनेक ठिकाणी भुयारी मार्ग आहेत. मोटाररस्ता व सायकल मार्ग यांमध्ये मोकळी पट्टी ठेवल्यास हटविलेले हिम तेथे साठविता येते. अशी पट्टी नसल्यास मोटाररस्त्यावरील हिमाचे ढीग सायकल मार्गावरच येऊन पडतात.

पृष्ठभागाची निगा : ताजे, भुसभुशीत हिम चाकांना अडविते, तर वितळून पुन्हा गोठलेल्या हिमाचा खडबडीत बर्फ तोल घालवितो. त्यामुळे तापमान गोठणबिंदूच्या आसपास वरखाली होणारे दिवस कोरड्या, तीव्र थंडीच्या दिवसांपेक्षा अधिक धोक्याचे असतात. औलूत मुख्य सायकल मार्गांवरील हिम लोक कामावर निघण्यापूर्वी हटविण्यात येते. उरलेला पातळ थर दाबून कठीण व सपाट करतात आणि त्यावर बारीक खडी पसरतात. मीठ टाकल्याने बर्फाचा द्रवणांक उतरतो. परंतु तीव्र थंडीत त्याचा परिणाम मंदावतो व सायकलीची साखळी गंजते. स्वीडनमधील काही शहरांत यांत्रिक झाडूने हिम लोटून लगेच मिठाचे द्रावण फवारण्याची पद्धत वापरली जाते. ती तुलनेने सौम्य हवामानास अधिक सोयीची आहे. खडी वसंतात झाडून काढावी लागते. तीपासून होणारी धूळ हा या पद्धतीचा दोष होय.

वाहन व स्वार : निसरड्या मार्गावर टंगस्टन कार्बाइडाचे लहान खिळे बसविलेले टायर उपयुक्त ठरतात. टायरमधील हवेचा दाब थोडा कमी ठेवल्यास जमिनीशी स्पर्शक्षेत्र वाढते. नेहमीचे वंगण थंडीत घट्ट होऊन फ्रीव्हीलमधील खिट्ट्या अडकतात. म्हणून थंडीत पातळ राहणारे वंगण वापरतात. चाकाच्या कडेवर दाबला जाणारा ब्रेक बर्फामुळे निकामी होण्याची शक्यता असल्याने, पायटे उलटे दाबून लावावयाचा ब्रेक अनेकजण पसंत करतात. पायटे मारताना शरीरात उष्णता निर्माण होत असल्याने जड कपड्यांची गरज नसते; मात्र हात, कान व चेहरा यांचे संरक्षण आवश्यक असते. अंधार दीर्घकाळ असल्यामुळे दिवे अपरिहार्य ठरतात.

सामाजिक महत्त्व : शहरात कोणता मार्ग आधी मोकळा करावयाचा, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. मोटाररस्ते आधी व पादचारी आणि सायकल मार्ग शेवटी, या क्रमाचा भार मोटार नसलेल्यांवर, विशेषतः मुले व वृद्ध यांच्यावर पडतो. स्वीडनमधील कार्ल्सकूगा या नगराने हा क्रम बदलून पादचारी व सायकल मार्गांना अग्रक्रम दिला. या विषयावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद औलू येथे २०१३ मध्ये भरली. त्यानंतर विनिपेग (२०१४), मॉस्को (२०१८), कॅल्गरी (२०१९) इ. शहरांत अशा परिषदा झाल्या. हवामानबदलामुळे उत्तरेकडील हिवाळे सौम्य होत असून गोठणबिंदूच्या आसपासचे दिवस जेथे वाढतील, तेथे मार्गांच्या निगेचे काम अधिक कठीण होत जाईल.