भाडेकरू चुकला, तर घरमालकाने काय करावे?



कामगार चळवळीतला माणूस घरमालकाच्या हक्कांवर बोलणार, हे ऐकून आमच्याच काही मंडळींना नवल वाटले. त्यांना माझे सांगणे असे की, घरमालक म्हणजे दर वेळी वाड्याचा धनीच असतो असे नाही. नवऱ्याच्या मागे दोन खोल्यांच्या भाड्यावर संसार रेटणारी बाई हीदेखील घरमालकीणच. तिचा भाडेकरू भाडे देईनासा झाला, तर तिने काय करावे? याचे उत्तर मालकाला ठाऊक असले पाहिजे, आणि भाडेकरूलाही.

आपल्या राज्यात हा व्यवहार मुख्यतः ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ याने चालतो. ३१ मार्च २००० रोजी तो अमलात आला आणि त्याने १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याची जागा घेतली. त्याचे मर्म एका वाक्यात सांगायचे तर, भाडेकरूने शर्त मोडली म्हणून घर आपोआप मालकाच्या हाती येत नाही. त्याला न्यायालयाचे दार ठोठावण्याचे कारण तेवढे मिळते.

पहिले कारण थकबाकीचे. मालकाने आधी लेखी मागणीची नोटीस द्यावयाची. ती पोहोचल्यापासून नव्वद दिवस लोटल्याशिवाय दावा दाखल करता येत नाही. आम्हांलाही संपापूर्वी नोटीस द्यावी लागते, म्हणून या वाट पाहण्याचे मोल मी जाणतो. दावा लागल्यावरही भाडेकरूला संधी असते. समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत त्याने सारी बाकी द.सा.द.शे. पंधरा टक्के सरळ व्याजाने आणि दाव्याच्या खर्चासह न्यायालयात भरली, व पुढे निकाल लागेपर्यंत भाडे नियमित भरत राहिला, तर थकबाकीपायी त्याला घराबाहेर काढण्याचा हुकूमनामा होत नाही. मात्र ‘नियमित’ या शब्दाला येथे फार वजन आहे. एकदा भरून स्वस्थ बसलेल्या माणसाला हे संरक्षण मिळत नाही.

दुसरी कारणे कलम सोळामध्ये सांगितली आहेत. घराची नासधूस करणे, मालकाच्या लेखी संमतीवाचून पक्के बांधकाम करणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे, बेकायदा पोटभाडेकरू ठेवणे, किंवा सबळ कारण नसताना दाव्यापूर्वी सलग सहा महिने घर ठरलेल्या कामासाठी न वापरणे, ही त्यांतली ठळक होत. पण लाकडी आडभिंत घातली किंवा स्वयंपाकाचा ओटा केला, तर त्याला पक्के बांधकाम म्हणत नाहीत. पालिकेची परवानगी लागत असल्यास ती तेवढी घेतलेली असावी. भाडेचिठ्ठीत ‘पाहुणे ठेवू नयेत’ असे लिहिले असेल, आणि भाडेकरूकडे चार दिवस बहीण राहून गेली, तर तेवढ्यावरून घर खाली होत नाही. कारण कायद्यातले असावे लागते, आणि ते पुराव्याने शाबीत करावे लागते.

दावा मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतो. इतरत्र असे न्यायालय असेल तर तेथे, नाही तर दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्यापुढे. हुकूमनामा झाला तरी मालकाने स्वतः सामान रस्त्यावर फेकायचे नसते. दरखास्त द्यावी, आणि ताबा बेलिफामार्फत घ्यावा.

आज पुष्कळ घरे भाड्याने न देता ‘लीव्ह अँड लायसन्स’ने देतात. राहण्यासाठी असे घर घेतलेल्या इसमाने मुदत संपताच ते सोडावयाचे असते. न सोडल्यास मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत समोरच्याने प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागितली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य झाले असे धरले जाते. शिवाय मुदतीनंतरच्या दिवसांची नुकसानभरपाई दुप्पट दराने द्यावी लागते.

आता जे करू नये ते सांगतो. आमच्या एका सोबत्याचा कारखाना बंद पडला आणि सात महिन्यांचे भाडे थकले. मालकाने नळ तोडला, आणि एके दिवशी हा कामाच्या शोधात बाहेर गेला असता खोलीला कुलूप ठोकले. पैशाच्या बाबतीत मालक खरा होता. पण त्या कुलुपाने तो खोटा ठरला. पाणी-वीज तोडण्यास या कायद्याने मनाई आहे. जबरीने ताबा गेलेल्या माणसाला १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाखाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो, मग मालकी कोणाचीही असो. वकिलाने हे समजावल्यावर कुलूप निघाले. पुढे तोच मालक रीतसर नोटीस घेऊन आला, मग समन्स आले. आम्ही सोबत्यांनी नव्वद दिवसांचा हिशेब मांडला, वर्गणी काढली आणि रक्कम न्यायालयात भरली. सोबत्याचे घर राहिले, आणि मालकाची बाकीही चुकती झाली. कुलपाने जे झाले नव्हते, ते नोटिशीने झाले.

म्हणून मालकांना माझी विनंती आहे, करार लेखी करा आणि तो नोंदवा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने तुमच्यावर टाकली आहे. ती टाळलीत, तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे खरे धरले जाते. आणि भाडेकरू बंधूंनो, पावती हा तुमचा हक्क आहे, ती दर महिन्याला मागून घ्या व जपून ठेवा. भाडे थकले तर तोंड चुकवू नका. मालकाला भेटा, आणि नोटीस आली तर त्याच दिवसापासून दिवस मोजू लागा.